वडापावचा ट्रक काढताय? मग ट्रक शेवटी घ्या

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत फूड ट्रक टाकायचं मनात आलं की आपली माणसं आधी ट्रक बघायला धावतात. मीही धावलो होतो. त्याआधी मेनू कागदावर उतरवा. काउंटीच्या आरोग्य परवान्याचं सगळं गणित तिथून सुरू होतं. पाकीटबंद चिवडा विकणारी गाडी वेगळी आणि आत तळण काढणारी वेगळी.

मग कमिसरी शोधा, म्हणजे परवाना असलेलं व्यावसायिक स्वयंपाकघर. धंद्याच्या प्रत्येक दिवशी ट्रक तिथे परतायला हवा: धुवायला, टाकीत पाणी भरायला, सांडपाणी सोडायला. कमिसरीची लेखी संमती अर्जाला जोडायची असते. आपल्याला जड जाते ती पुढची अट. घरच्या ओट्यावर केलेलं ट्रकवर चालत नाही. लसणाची चटणी आईच्या हातची हवी असेल, तर आईलाच कमिसरीत न्या.

आता ट्रक. जुना घेत असाल तर राज्याच्या गृहनिर्माण खात्याचा, एचसीडीचा, बिल्ला त्यावर आहे का ते व्यवहाराआधी बघा. नवा बांधून घेत असाल किंवा जुन्यात फेरफार करणार असाल, तर नकाशे आधी काउंटीकडून मंजूर करून घ्या. भांड्यांसाठी तीन कप्प्यांचं सिंक, हात धुवायला वेगळं सिंक, सांडपाण्याची टाकी चांगल्या पाण्याच्या टाकीच्या दीडपट. उघडी कढई विसरा. फ्रायरला घट्ट बसणारं, खिटीचं झाकण लागतं, कारण ब्रेक दाबल्यावर गरम तेल अंगावर यायला नको. भारतातून आणलेला लाडका मिक्सरही घरीच ठेवा. यंत्रांवर एनएसएफसारखं स्वच्छतेचं प्रमाणन बघतात.

गरम पाणी भांड्यांच्या सिंकला 120 अंश फॅरनहाइट पाहिजे. माझी पहिली तपासणी इथेच बुडाली. काटा 112 वर जाऊन बसला, निरीक्षक बाई थांबल्या, मी नळ सोडून उभा, आणि काटा काही हलेना. हीटर आदल्या दिवशी चालवून बघायला हवा होता, तो बघितला नव्हता. चूक माझीच.

आता बटाट्याची भाजी, कारण वडापाववाल्याची खरी परीक्षा तिथे आहे. थंड पदार्थ 41 अंशांच्या खाली, गरम 135 च्या वर. मधला पट्टा जंतूंचा. शिजवलेली भाजी थंड करायची तर 135 वरून 70 वर दोन तासांत आणि तिथून 41 वर पुढच्या चार तासांत आली पाहिजे. खोल पातेल्यात ती येत नाही. वरून हाताला गार लागते, पण मध्ये थर्मामीटर खुपसून बघा, दोन तासांनीही आत वाफ कोंडलेली असते. पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर पसरा, ट्रे बर्फावर ठेवा, वेळ आणि तापमान वहीत लिहा. ही वही तपासणीत दाखवायला फार कामाला येते.

बाकीचं पटकन. एकाकडे तरी फूड सेफ्टी मॅनेजरचं प्रमाणपत्र हवं, ते पाच वर्षं चालतं. मदतनिसांना फूड हँडलर कार्ड, ते तीन वर्षं. ट्रकवर धंद्याचं नाव किमान तीन इंच उंच अक्षरांत. एका जागी तासाभराहून जास्त थांबणार असाल तर 200 फुटांच्या आत वापरता येईल असं स्वच्छतागृह. तळणासाठी के वर्गाचं अग्निशामक. गॅस आणि धूर खेचणाऱ्या हुडसाठी अग्निशमन दलाकडे, विक्रीकराच्या सेलर्स परमिटसाठी राज्याकडे आणि गाडी लावायच्या परवानगीसाठी शहराकडे वेगळं जायचं. आरोग्य परवान्यात यातलं काही येत नाही.

तपासणीला जाताना टाक्या भरलेल्या, जनरेटर चालू, फ्रिज आदल्या रात्रीपासून गार, साबण आणि कागदी टॉवेल जागेवर.

आणि परवाना हद्दीपुरता असतो. मिलपिटासला धंदा जमला म्हणून गणपतीत पलीकडे फ्रीमाँटला ट्रक लावायचा, तर ती अलमेडा काउंटी, तिथला परवाना वेगळा. त्याच काउंटीतल्या बर्कलीचं आणखी निराळं, त्या शहराचं आरोग्य खातं स्वतःचं आहे. गणपतीची गर्दी धरायची असेल तर तिकडचा अर्ज वसंतातच टाका.