लिनक्सवर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचचे कंट्रोलर कसे चालवावेत

घरात कन्सोलचा कंट्रोलर पडून असतो आणि कॉम्प्युटरवर लिनक्स असतं. दोघांची गाठ घालायची म्हटली की बहुतेक जण पहिली धाव ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, शोधायला घेतात. मग कुठली तरी जुनी कृती सापडते, टर्मिनलमध्ये चार अनोळखी ओळी डकवल्या जातात आणि जे आपोआप चाललं असतं तेही बिघडतं. या कंट्रोलरांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, असतात. एक्सबॉक्सचे वायरवाले कंट्रोलर चालवणारा एक्सपॅड हा ड्रायव्हर कितीतरी वर्षांपासून आहे. पीएस-५ च्या ड्युअलसेन्सचा ड्रायव्हर सोनीनेच लिहून दिला आणि तो २०२१ मध्ये ५.१२ या कर्नलात आला. निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर आणि जॉय-कॉन यांची सोय जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये झाली.

त्यामुळे आपल्याला काही बसवायचं नसून अडतंय कुठे एवढंच शोधायचं असतं. कर्नल, केबल, ब्लूटूथ आणि शेवटी गेम, याच क्रमाने तपासत जा. एकदम ब्लूटूथ जोडून गेम उघडला आणि काही हललं नाही, तर दोष कुणाचा ते कळायला मार्ग राहत नाही.

आधी कर्नल बघा

सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ किंवा ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’ पानावर कर्नलचा आकडा दिसतो. सहाने किंवा त्याहून मोठ्या आकड्याने सुरू होत असेल तर पुढे जा. ५.१५ असेल आणि तुमच्याकडे स्विचचा कंट्रोलर असेल तर इथेच थांबा, कारण निन्टेन्डोचा ड्रायव्हर त्याच्या पुढच्या आवृत्तीत आला. लिनक्स मिंट २१ आणि उबंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ वरच आले होते, आणि ते अजून बऱ्याच घरांत आहेत. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘लिनक्स कर्नल्स’मध्ये गेलात की नवा कर्नल निवडून बसवता येतो. जुना तसाच राहतो, नव्याने काही बिनसलं तर कॉम्प्युटर सुरू करताना परत त्यावर जाता येतं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी हा खटाटोप सहसा लागत नाही. पीएस-४ चा ड्युअलशॉक तर ५.१५ वरही जुन्या ड्रायव्हरने नीट चालतो.

मग केबल

ब्लूटूथ चालत असलं तरी पहिली जोडणी केबलनेच करा. ड्युअलशॉक ४ आणि एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला मायक्रो-यूएसबी लागते. ड्युअलसेन्स, स्विच प्रो आणि एक्सबॉक्स सिरीजच्या कंट्रोलरला यूएसबी-सी. घरात सापडणाऱ्या केबलांपैकी बऱ्याचशा नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. कंट्रोलरचा दिवा लागतो, चार्जिंगही होतं, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात ती केबल घ्या, म्हणजे हा संशय मिटला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारे बिननावाचे स्वस्त कंट्रोलरही बहुतेक वेळा चालतात. त्यांच्यावर ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘मोड’ असं बटण असतं. दांड्या (अंगठ्याने फिरवायच्या अ‍ॅनालॉग स्टिक) चालत नसतील किंवा चौफुली बटणं (डी-पॅड) दांड्यांसारखी वागत असतील तर आधी ते दाबून बघा. एटबिटडू या कंपनीच्या कंट्रोलरांतही असे मोड आहेत. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांवर स्टार्ट आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून चालू केलं की कंट्रोलर स्वतःला एक्सबॉक्सचा म्हणवतो. लिनक्सवर हाच मोड सगळ्यात सुखाचा.

गेम उघडण्याआधी चाचणी

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये जेएस-टेस्ट-जीटीके नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो, नाव अर्थात इंग्रजीत टाकून शोधा. तो उघडला की जोडलेला कंट्रोलर यादीत दिसतो. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेलात की दांडी हलवताना पट्ट्या सरकतात आणि बटण दाबताना त्या आकड्याचा चौकोन भरतो. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर नव्या आवृत्त्यांत सिस्टम सेटिंग्जमध्येच गेम कंट्रोलरचं पान आहे, वेगळं काही लागत नाही. एकेक बटण दाबून बघा. इथे सगळं हललं, तर केबल आणि कर्नल दोघेही निर्दोष.

यातल्या ‘कॅलिब्रेशन’च्या बटणाने मात्र अनेकांची फसगत होते. दांडी सोडली तरी गेममधलं पात्र एका बाजूला सरकत राहतं, म्हणून लोक इथे कॅलिब्रेशन करतात, पट्टी मधोमध येते आणि गेममध्ये ढिम्म फरक पडत नाही. लिनक्समध्ये कंट्रोलर वाचायचे दोन रस्ते आहेत, एक जुना आणि एक नवा. हे कॅलिब्रेशन फक्त जुन्या रस्त्यावर लागू होतं आणि आजचे जवळजवळ सगळे गेम नव्या रस्त्याने वाचतात. दांडी भरकटत असेल तर उपाय ‘डेडझोन’ (दांडीच्या मध्याजवळची जेवढी हालचाल दुर्लक्षित करायची तो भाग) वाढवणं हा, आणि तो गेमच्या किंवा स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये करायचा.

आता ब्लूटूथ

ब्लूटूथचं सेटिंग उघडा आणि जोडणी होईपर्यंत ते पान उघडंच ठेवा. ग्नोम डेस्कटॉपवर ते बंद केलं की शोधही थांबतो. प्रत्येक कंट्रोलरला जोडणीच्या अवस्थेत न्यायची पद्धत वेगळी आहे.

ड्युअलसेन्स बंद असताना टचपॅडच्या डावीकडचं छोटं क्रिएट बटण आणि पीएस बटण एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. ड्युअलशॉक ४ वर क्रिएटच्या जागी शेअर. स्विच प्रोच्या वरच्या कडेला केबलच्या खाचेजवळ बारीक गोल सिंक बटण आहे, ते दाबून धरा. जॉय-कॉनवर तेच बटण रुळाच्या बाजूला लपलेलं असतं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवरही जोडणीचं बटण वरच्या कडेला आहे. ते तीनेक सेकंद दाबलं की मधला दिवा जलद लुकलुकतो.

एक्सबॉक्स वनच्या पहिल्या कंट्रोलरांत मात्र ब्लूटूथच नाही, ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक वरच्या खांद्याच्या बटणांसारखं चकचकीत, वेगळ्या तुकड्याचं असेल तर ब्लूटूथ नाही. ते कंट्रोलरच्या अंगासारखंच, अखंड असेल तर आहे. ब्लूटूथ नसलेल्यांसाठी केबल उत्तम. डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) घेऊन वेगळा ड्रायव्हर बसवता येतो, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडला जातो आणि लगेच सुटतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा सुटतो, असंही होतं. बहुतेकदा कारण कंट्रोलरच्या आतलं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, असतं. ते अद्ययावत करायला एक्सबॉक्स कन्सोल किंवा विंडोजवरचं एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅप लागतं, लिनक्सवरून होत नाही. ओळखीच्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर एकदाच करून घ्या. एवढं करूनही व्हायब्रेशन किंवा बॅटरीचा आकडा नीट येत नसेल, तरच एक्सपॅडनिओ हा वेगळा ड्रायव्हर बसवायचा विचार करा. तो प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधला जातो. सिक्युअर बूट (बिनसहीचं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर आपली सही नोंदवल्याशिवाय कर्नल त्याला आत घेत नाही. म्हणून अगदी गरज असेल तरच.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर कंट्रोलर दरवेळी नव्याने जोडावा लागतो. दोन्हीकडून दिसणारा ब्लूटूथचा पत्ता एकच, पण प्रत्येकाने ठरवलेली गुप्त किल्ली वेगळी, आणि कंट्रोलरला शेवटची तेवढी आठवते. यादीतून जुनी नोंद काढून टाका आणि पुन्हा पेअर करा. कन्सोलकडे परत नेतानाही तेच. ड्युअलसेन्स केबलने पीएस-५ ला लावून पीएस बटण दाबलं की तो पुन्हा त्याचा होतो.

खेळताना बटण उशिरा लागत असेल तर ब्लूटूथ डोंगल कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टांतून आणि हार्ड डिस्कच्या केबलांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि ब्लूटूथचं चालणंही तिथेच. एक हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल पुढे आणला की बऱ्याचदा काम भागतं.

ड्युअलसेन्स जोडताच दोन गमती

केबलने ड्युअलसेन्स लावला आणि लॅपटॉपचा आवाज गेला, तर घाबरू नका. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो साउंड कार्डही आहे, कारण त्याला स्पीकर आणि हेडफोनची खाच आहे. सिस्टमने आवाज तिकडे वळवलेला असतो. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट पुन्हा लॅपटॉपच्या स्पीकरवर आणा.

दुसरी गंमत टचपॅडची. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचा टचपॅड लिनक्स खरोखरच माउस म्हणून वापरतं. सोफ्यावर बसून फाइल उघडायला छान, पण ऐन खेळात अंगठा लागला की कर्सर पडद्यावर धावतो. प्लाझ्मावर टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या यादीतून कंट्रोलर निवडून तेवढाच बंद करता येतो.

स्टीम: एकच मध्यस्थ ठेवा

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर’ पान आहे. तिथे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचसाठी ‘स्टीम इनपुट’ चालू करायचे वेगवेगळे खटके आहेत. स्टीम इनपुट तुमचा खरा कंट्रोलर वाचतं आणि गेमपुढे एक खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं. म्हणूनच ज्या गेमला ड्युअलसेन्स म्हणजे काय हे ठाऊक नाही तोही त्यावर चालतो. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या प्रोटॉनमार्फत खेळताना तर हे चालू ठेवणंच बरं.

पण काही गेम खरा कंट्रोलरही बघतात आणि खोटाही. मग मेनूत एकदा खाली दाबलं की निवड दोन घरं उडी मारते, किंवा एकट्याने खेळताना दोन खेळाडू दिसतात. असं झालं की त्या गेमवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कंट्रोलर’, आणि फक्त त्याच्यापुरतं स्टीम इनपुट बंद करा. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरचा ताण बदलण्यासारख्या खास करामती ज्या गेममध्ये आहेत, तिथेही स्टीम इनपुट बंद आणि केबल लावलेली, हीच जोडी उपयोगी पडते.

स्विचच्या कंट्रोलरवर ए आणि बी एक्सबॉक्सच्या उलट बाजूंना छापलेले असतात. पडद्यावर ‘ए दाबा’ आलं की बोट चुकतंच. स्टीममध्ये निन्टेन्डोची बटणरचना वापरायचा पर्याय आहे, छापील अक्षराप्रमाणे हवं असेल तर तो चालू करा. दोन जॉय-कॉन मिळून एक कंट्रोलर करायचा असेल तर जॉयकॉनडी हा छोटा प्रोग्रॅम बसवा आणि दोन्हींवरचा एकेक ट्रिगर एकाच वेळी दाबा.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (सिस्टमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) घेतलं असेल आणि चाचणीत दिसणारा कंट्रोलर फक्त तिथेच दिसत नसेल, तर अडचण परवानगीची आहे. उबंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरावर ‘स्टीम-डिव्हायसेस’ नावाचं पॅकेज मूळ सिस्टमवर बसवा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

कंट्रोलर न ओळखणारे गेम

स्टीमबाहेरचा गेम स्टीमच्या लायब्ररीत ‘अ‍ॅड अ नॉन-स्टीम गेम’ने घालता येतो, म्हणजे त्यालाही स्टीम इनपुटचा फायदा मिळतो. सुपरटक्सकार्टसारख्या मुक्त गेमला याची गरज नाही, तो कंट्रोलर स्वतः ओळखतो.

फक्त कीबोर्ड-माउसवर चालणाऱ्या जुन्या गेमसाठी अँटिमायक्रोएक्स घ्या. फ्लॅटपॅकच्या फ्लॅटहब या भांडारात मिळतो. पडद्यावर कंट्रोलरची सगळी बटणं मांडलेली दिसतात. हातातलं बटण दाबलं की तिथलं तेच बटण उजळतं, त्यावर क्लिक करून कीबोर्डची की द्यायची. डावी दांडी डब्ल्यू-ए-एस-डीला आणि उजवी माउसला दिली की निम्मं काम झालं. प्रत्येक गेमची मांडणी वेगळ्या नावाने सेव्ह करा. हा प्रोग्रॅम चालवताना स्टीम मात्र पूर्ण बंद ठेवा. ते मागे चालू असेल तर डेस्कटॉपवरही कंट्रोलरला माउस बनवून ठेवतं, आणि एकाच दांडीवर दोघे मालकी सांगायला लागतात.