ट्रेनर पडद्यावर, भाकरी ताटात: सेलिब्रिटी ट्रेनरचे व्हिडिओ आणि डाएटचं पुस्तक घरी कसं वापरावं

सेलिब्रिटी ट्रेनरचा व्यायामाचा व्हिडिओ लातूर-परभणीतल्या दोन खोल्यांच्या घरात लावता येतो, आणि त्याचा उपयोगही होतो. अडचण एवढीच, की व्हिडिओ एसीच्या थंडाव्यात चित्रित झालेला असतो आणि आपल्याकडं मे महिन्यात सकाळी सातलाच घाम फुटतो. पुस्तकातल्या मेनूमधलं निम्मं सामान उदगीरच्या किराणा दुकानात मिळत नाही. माझं ठाम मत आहे, की व्यायाम ट्रेनरचा घ्यावा, ताट मात्र आपलंच ठेवावं. हे दोन्ही जमवायचं कसं, ते इथं क्रमानं सांगते.

सुरुवात रक्ततपासणीनं

पहिल्या दिवशी उड्या मारताना धाप लागली की बायका म्हणतात, "माझ्यात स्टॅमिनाच नाही." पुष्कळदा कारण वेगळं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार घ्या, जोरकस व्यायाम नंतर. ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. सोबत रक्तदाब आणि साखर बघून घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बंद करू नका. औषध तेवढंच, जेवण कमी आणि वरून व्यायाम, अशानं साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण, हृदयविकार, गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तरीही आधी दवाखाना.

एकच व्हिडिओ, एकच पुस्तक

लोक एका ट्रेनरचा व्यायाम, दुसरीचा नाश्ता आणि तिसऱ्याचा उपवास एकत्र करतात आणि पंधरा दिवसांत सगळंच सोडून देतात. महाराष्ट्रात आहाराच्या दोन मांडण्या फार लोकप्रिय झाल्या. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी आपल्या सुरुवातीच्या मांडणीत दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित हे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली पद्धत सांगतात. त्यात दिवसातून दोनदाच जेवायचं, आणि तेही प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत. या दोन्ही पद्धती मानणारी माणसं एकाच गल्लीत सापडतात. कोणती निवडायची हे तुमची कामाची वेळ आणि तुमची तब्येत बघून ठरवा, पण दोन्ही एकदम चालणार नाहीत. सकाळी दोन तासांनी फळ आणि संध्याकाळी "मी दोनदाच जेवते" असा दिवस गेला तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

व्हिडिओचंही तसंच. उदाहरणाला जिलियन मायकल्स घेऊ. ही अमेरिकन ट्रेनर 2004 साली सुरू झालेल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही कार्यक्रमामुळं नावारूपाला आली. 2008 साली आलेली तिची '30 डे श्रेड' ही व्यायामाची डीव्हीडी घरच्या व्यायामासाठी अजूनही वापरली जाते. तिच्यात तीन लेव्हल आहेत. प्रत्येक लेव्हलमध्ये तीन फेऱ्या, आणि एका फेरीत तीन मिनिटं ताकदीचा व्यायाम, दोन मिनिटं कार्डिओ (म्हणजे उड्यांसारखा, दम लागणारा व्यायाम), एक मिनिट पोटाचा व्यायाम. वॉर्म-अप आणि शेवटचं स्ट्रेचिंग धरून अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकतं. नवशिक्यांना हा साचा मला आवडतो, कारण दर काही मिनिटांनी व्यायाम बदलतो आणि डंबेल्सच्या जोडीशिवाय फारसं काही लागत नाही.

निवडलेल्या व्हिडिओत एक गोष्ट हवीच: तोच व्यायाम सोप्या पद्धतीनं करून दाखवणारी व्यक्ती. '30 डे श्रेड'मध्ये मागे दोघी आहेत, त्यातली एक सोपा प्रकार करते. पहिले काही आठवडे नजर तिच्यावरच ठेवा.

जागा आणि सामान

आपल्याकडं बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते. ती टणक असते आणि घामानं निसरडी होते. सतरंजी तिच्यावर सरकते, म्हणून सतरंजीवर उड्या नकोत. 6 ते 8 मिलिमीटर जाडीची मॅट घ्या आणि उड्यांच्या वेळी पायात बूट घाला. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर करायचं असेल तर उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आटपा. रात्रीचं म्हणाल तर दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत गरमच असतो.

डंबेल्स लगेच विकत आणू नका. लिटरच्या बाटलीत पाणी भरलं की 1 किलो, कोरडी वाळू भरली की साधारण दीड किलो. झाकण घट्ट आहे ना, तेवढं बघा. व्हिडिओत वजन पौंडात सांगतात. 5 पौंड म्हणजे सव्वादोन किलो, आणि सुरुवातीला ते जास्त होतं.

व्हिडिओ आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. सकाळी लाइट गेली की वाय-फायही जातं. फोन जमिनीवर ठेवू नका, डोळ्यांच्या उंचीला ठेवा, नाहीतर मान खाली घालून सगळा व्यायाम होतो आणि दुपारी मान धरते.

पहिल्यांदा नुसतं बसून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. चहा घ्या, बसा, पूर्ण व्हिडिओ बघा आणि प्रत्येक व्यायामाचं नाव वहीत लिहा. समजले नाहीत ते प्रकार पुन्हा, वेग 0.75 करून बघा. ट्रेनर इंग्रजीत भराभर सूचना देते. त्यांतल्या तीनच नीट पाळल्या तरी पुष्कळ. पोटाचे स्नायू आवळून धरा पण श्वास रोखू नका. पाठ सरळ ठेवा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकू द्या, आत पडू देऊ नका.

स्क्वॉट करताना मागे खुर्ची आहे असं समजून आधी कंबर मागे न्या, मग खाली जा. खरीच खुर्ची ठेवली तर आणखी चांगलं: टेकायचं आणि उठायचं. पुश-अप गुडघे टेकून करा, तेही जमेना तर भिंतीला हात लावून. लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवताना, तोल जात असेल तर एका हातानं दार धरा. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर न्या. खालच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर त्यांनाही ते बरं पडतं.

पडद्यावरची ट्रेनर तुम्हाला बघत नाही, ही घरच्या व्हिडिओची सगळ्यात मोठी उणीव आहे. तुमची कंबर खाली झुकली तरी ती "शाब्बास" म्हणूनच पुढं जाते. म्हणून आठवड्यातून एकदा घरातल्या कोणाला तरी बाजूनं तुमचं शूटिंग करायला सांगा आणि ते मूळ व्हिडिओशी ताडून बघा.

आठवडा कसा आखावा

नावात 30 दिवस असले तरी रोज करायचं बंधन स्वतःवर घालू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा एक दिवस आड व्यायाम आणि मधल्या दिवशी पाऊण तास चालणं. या वेगानं 30 वेळा व्यायाम व्हायला 10 आठवडे लागतात, आणि एरवी बैठं काम करणाऱ्या शरीराला तेवढे द्यायलाच हवेत. व्यायाम आणि चालणं मिळून जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली आठवड्याची 150 मिनिटं सहज भरतात, ताकदीचे किमान दोन दिवसही.

नळाला पाणी येण्याचा दिवस व्यायामासाठी ठेवूच नका. त्या दिवशी घागरी-बादल्या उचलून जे होतं ते होतं, वर व्हिडिओ लावला तर कंबर भरून येते. व्यायामाआधी पोट अगदी रिकामं नको, तट्ट भरलेलंही नको. अर्धं केळ किंवा दोन खजूर पुरतात. उन्हाळ्यात व्यायामानंतर पाणी आणि चिमूटभर मिठाचं ताक घ्या. रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं असेल तर ताक बिनमिठाचं.

आता पुस्तक

पेन्सिल घेऊन वाचा. नियम असेल तिथं एक खूण, मेनू असेल तिथं दुसरी, विकायची पावडर किंवा गोळी असेल तिथं तिसरी. नियम ठेवायचे, मेनू आपल्या पद्धतीनं बदलायचा, तिसरी खूण सोडून द्यायची.

मुखपृष्ठावर "महिन्यात 10 किलो" असं काही असेल तर हिशेब करून बघा. शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 10 किलोसाठी 77,000 हव्यात, म्हणजे रोज अडीच हजारांची तूट. बहुतेक बायकांच्या दिवसभराच्या जेवणात तेवढ्या कॅलरी नसतातच. काटा तेवढा खाली आलाच तर त्यात पाणी आणि स्नायू गेलेले असतात. आठवड्याला अर्धा किलो हे चांगलं उद्दिष्ट आहे. 1,200 कॅलरींच्या खाली नेणारा मेनू डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय करू नका.

परदेशी पुस्तकातला कप 240 मिलिलिटरचा असतो, औंस म्हणजे 28 ग्रॅम. ओट्सच्या जागी ज्वारीच्या कण्या. किन्वाच्या जागी ज्वारीच, ती आपल्या शेतातली आहे आणि तिच्या 100 ग्रॅममध्ये 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतू आहेत. केलच्या जागी शेवग्याचा पाला, तांदूळजा, अंबाडी, करडईची कोवळी भाजी. ग्रीक योगर्टच्या जागी फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का. बदामाच्या जागी मूठभर शेंगदाणे, पण तेव्हा भाजीतला कूट कमी करायचा. सामन मासा सांगितला असेल तर पैठण भागात जायकवाडीचा रोहू-कटला मिळतो. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी रोज खा, मात्र ती माशाची पूर्ण बरोबरी करत नाही.

चिकनच्या तुकड्यांची जागा भरणं शाकाहारी घरात सगळ्यात अवघड वाटतं, म्हणून त्याचा हिशेबच मांडते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणं किलोमागं 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. मध्यम भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरा. दिवसाच्या चार भाकऱ्यांतून 24 ग्रॅम मिळतात. दोन्ही वेळच्या वरणाला माणशी मिळून 60 ग्रॅम तूरडाळ घेतली की 13. एक वेळ 40 ग्रॅम हरभऱ्याची उसळ, साडेसात. वाटीभर दही, 6. झाले 50 पुरे, आणि तेल आटोक्यात ठेवलं तर सगळं मिळून 1,500 कॅलरींच्या आसपास. वजन कमी करायला मध्यम बांध्याच्या, थोडाफार व्यायाम करणाऱ्या बाईला हे पुष्कळदा जमतं, आणि पोटही भरतं. भाकरी सोडायला सांगणाऱ्या पुस्तकांचा मला म्हणूनच राग येतो. मराठवाड्यात भाकरी सोडली की ताटातलं निम्मं प्रथिन जातं आणि भूक बिस्किटांवर भागवली जाते. सोयाबीनची तर कमालच आहे. शिवारं त्यानं भरलेली आणि ताटात त्याचा दाणा नाही. सोयावड्या 30 ग्रॅम भिजवून भाजीत घातल्या की 15 ग्रॅम प्रथिनं आणखी मिळतात.

कमी करायचं ते तेल. 5 लिटरचा कॅन चार माणसांत महिनाभरात संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे 340 कॅलरी. कॅनवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा आणि तोच कॅन दीड महिना पुरवायचं ठरवा. येसर आमटीवर तर्री हवीच असेल तर ती रविवारी. दुसरी जागा चहाची: दोन चमचे साखरेचे तीन चहा म्हणजे 120 कॅलरी.

आणि स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका. एका घरात दोन चुली चालत नाहीत. भांडं तेच, फक्त तेलात बेतानं केलेलं, आणि ताटात आधी भाजी-वरण, मग भाकरी. वेळ अमावस्येला शेतात भज्जी, उंडे आणि आंबील समोर असताना पुस्तक घरीच राहू द्या. वर्षातून एकदाच येते ती.

दुखलं तर

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड होणं, जिने उतरताना दुखणं हे नेहमीचं आहे, तीन दिवसांत ओसरतं. सांध्यात चमक येणं, सूज, एकाच जागी टोचल्यागत दुखणं हे नेहमीचं नाही, तिथं तो प्रकार थांबवा. छातीत दाब, हात-जबड्याकडं जाणारी कळ किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर व्हिडिओ पूर्ण करायच्या भानगडीत न पडता लगेच दवाखाना गाठा.

मोजमाप आणि पुढची लेव्हल

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून काटा वर जातो, तो आकडा मनाला लावून घेऊ नका. त्यापेक्षा शिंप्याचा टेप विश्वासाचा. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, महिन्यातून दोनदा मोजा. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा स्त्रियांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90 धरली जाते.

पहिल्या लेव्हलच्या तिन्ही फेऱ्या मध्ये न थांबता झाल्या, आणि कार्डिओच्या दोन मिनिटांत तुटक का होईना एक वाक्य बोलता आलं, की दुसरी लेव्हल लावा. तिच्यात प्लँकचे, म्हणजे हात आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरण्याचे, प्रकार वाढतात. मनगट दुखायला लागलं तर कोपरांवर करा, तरी दुखलं तर आणखी दोन आठवडे पहिल्या लेव्हलवर या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांनी एचबीए1सी ही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी करून तो कागद डॉक्टरांपुढं ठेवा. गोळी कमी करायची की नाही ते त्यावरून ते ठरवतील.