एका गटात दिसलं, दुसऱ्यात नाही

जनुकशास्त्राच्या या कामात आल्यावर मी केलेली पहिली तुलना अशी होती. दोन लोकसमूहांच्या जीवासचे (GWAS, म्हणजे एखाद्या आजाराशी किंवा गुणधर्माशी जोडलेल्या जागा पूर्ण जीनोमभर शोधणारा अभ्यास) निकाल शेजारी ठेवले. ज्या एसएनपीची (SNP, डीएनएतली माणसागणिक बदलणारी एका अक्षराची जागा) पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) जीनोमभरच्या नेहमीच्या उंबरठ्याखाली, म्हणजे दोन कोटींत एकपेक्षा कमी, त्या हिरव्या रंगवल्या. एकीकडे हिरव्या आणि दुसरीकडे नाहीत, त्या सगळ्यांना ‘समूह-विशिष्ट’ म्हणून टाकलं. तक्ता देखणा झाला होता. बैठकीत एका सीनियरने एवढंच विचारलं, “दुसऱ्या समूहाचं सँपल किती?” पहिल्याच्या आठवा हिस्सा. तक्ता तिथेच संपला.

नवीन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच पाय घसरून पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, पहिल्या समूहात बीटा (एसएनपीच्या परिणामाचा अंदाज) ०.२० आणि स्टँडर्ड एरर (त्या अंदाजातली अनिश्चितता; सँपल लहान तर ती मोठी) ०.०३ आहे. भागाकार ६.७, निकाल दणदणीत. दुसऱ्या समूहात बीटा ०.१२ आणि एरर ०.०७, भागाकार १.७, म्हणजे ‘काही नाही’. आता प्रश्न फरकाचा आहे, तर चाचणीही फरकाचीच हवी. फरक ०.०८. दोन्ही एररच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की येतं ०.०७६. भागाकार जेमतेम १.०५. हे दोन समूह वेगळे आहेत असं म्हणायला इथे काहीच आधार नाही. (दोन्ही अभ्यासांत काही माणसं सामाईक असतील तर हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही, वर्गांच्या बेरजेतून सहप्रसरणाची, म्हणजे दोन्ही अंदाज किती एकत्र हलतात त्या मापाची, दुप्पट वजा करावी लागते.) शिवाय, पहिल्या समूहातली एसएनपी ‘सापडली’ म्हणूनच आपण ती निवडलेली असते, त्यामुळे तिचा बीटा बहुधा फुगलेला असतो. याला विनर्स कर्स म्हणतात. जमलं तर तुलनेसाठी बीटा स्वतंत्र सँपलमधून घ्या.

सँपल सारखं असलं तरी अलीलची (एसएनपीच्या जागी असू शकणाऱ्या अक्षरांपैकी एकाची) वारंवारता खेळ करते. एका एसएनपीतून मिळणारी माहिती साधारण २p(१−p) या प्रमाणात असते, p म्हणजे ही वारंवारता. वारंवारता ४० टक्के असेल तर हा आकडा ०.४८ येतो, ५ टक्के असेल तर ०.०९५. म्हणजे परिणाम तेवढाच असूनही तो पकडायला पाचपट माणसं लागतात. टाइप-२ मधुमेहाशी जोडलेलं केसीएनक्यू-१ हे जनुक २००८ मध्ये जपानी सँपलमधून पुढे आलं. युरोपीय वंशाच्या अभ्यासांत ते आधी हाती लागलं नव्हतं, कारण तिथे त्या जागी वेगळा अलील फारच कमी लोकांत असतो. मुद्दाम तपासल्यावर स्वीडन आणि डेन्मार्कच्या सँपलमध्येही संबंध दिसला. मी असते तर हिरव्या रंगाने ‘जपान-विशिष्ट’ लिहून मोकळी झाले असते!

मग एलडी (लिंकेज डिसइक्विलिब्रियम), म्हणजे जीनोमवर जवळजवळ असलेल्या एसएनपी एकत्रच वारशाने येण्याची प्रवृत्ती. आपण मोजतो ती एसएनपी बहुतेक वेळा खऱ्या कारणाची नुसती शेजारीण असते, आणि शेजार प्रत्येक समूहात वेगळा. आफ्रिकी वंशाच्या समूहांत एलडीचे पट्टे आखूड असतात, त्यामुळे तीच शेजारीण तिथे कमी बोलते आणि बीटा लहान दिसतो. म्हणून एका एसएनपीला एक एसएनपी न भिडवता आख्खा भाग पाहावा, आणि एलडीचा संदर्भ त्याच समूहाचा घ्यावा. १००० जीनोम्स या खुल्या डीएनए-संग्रहाच्या तिसऱ्या टप्प्यात २६ समूहांतले २,५०४ लोक आहेत. सुरुवातीला तेवढं पुरतं.

पूर्ण जीनोमचा सारांश हवा असेल तर पॉपकॉर्न हे सॉफ्टवेअर दोन समूहांतला जनुकीय सहसंबंध काढून देतं. अनेक कोहोर्ट (अभ्यासगट) असतील तर एमआर-मेगा हे सॉफ्टवेअर पाहा. कॉक्रनचा क्यू (समूहांतले परिणाम एकमेकांपासून वेगळे आहेत का, याची चाचणी) दोन-तीनच समूहांवर फार दुबळा असतो, त्यामुळे तो शांत राहिला म्हणून हुरळू नका.

या सगळ्याच्या आधी करायची, आणि म्हणूनच सगळे टाळतात ती, हमाली: दोन्ही फाइलींत इफेक्ट अलील (ज्याचा परिणाम बीटा सांगतो तो) एकच आहे का? जीनोम बिल्ड (संदर्भ-जीनोमची आवृत्ती) ३७ आहे की ३८? गुणधर्म एकीकडे मूळ एककात आणि दुसरीकडे स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये तर नाही ना? ए/टी आणि सी/जी एसएनपींचा स्ट्रँड (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला ते) अक्षरांवरून कळत नाही, कारण समोरच्या धाग्यावरही अक्षरांची तीच जोडी येते. वारंवारता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर अशी एसएनपी मी सरळ काढून टाकते.

खरे फरक असतात, नाही असं नाही. एपीओई जनुकाच्या ई४ या रूपाच्या दोन प्रती असलेल्यांत अल्झायमरचा ऑड्स रेशो (आजाराची शक्यता तुलनेने किती पट, याचं माप) १९९७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५, जपानी लोकांत ३३ आणि आफ्रिकी-अमेरिकनांत ६ च्या आसपास आला. इथे ‘शेजारीण’ ही पळवाट सहजी चालत नाही, कारण ई४ प्रथिनच बदलतो. अशा वेळी जनुकाच्या आसपासचा डीएनएचा पट्टा कोणत्या वंशाकडून आला, वातावरण, रुग्णांची निवड हे सगळं तपासायला घ्यावं लागतं.

माझ्या त्या हिरव्या यादीवर फरकाची चाचणी नीट चालवली तेव्हा दोन एसएनपी उरल्या. त्यातल्या एकीचा स्ट्रँड उलटा निघाला.