बीटी कपाशीत अळी दिसली? बियाण्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

बीटी वाण लावलं म्हणजे बोंडअळीची चिंता मिटली, हा समज आजही महागात पडतो. बीटी या जिवाणूतून घेतलेलं जनुक झाडात असतंच, पण अळीला मारणारं प्रथिन किती तयार होईल हे झाडाच्या तब्येतीवर ठरतं. प्रथिनाला नत्र लागतं. ते जमिनीतून मिळालं नाही, तर झाडाची ताकद आणि प्रथिन दोन्ही घटतात. त्यातच पीक शंभर-सव्वाशे दिवसांचं झालं की प्रथिन तसंही कमी होत जातं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या भारी काळ्या रानात सगळ्यात मोठी चूक होते ती साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करण्याची. झडीच्या पावसात सखल कोपऱ्यातली कपाशी पिवळी पडते आणि लगेच युरिया फेकला जातो. मुळं हवेअभावी गुदमरलेली असताना ती खत उचलत नाहीत. पैसा मात्र पाण्याबरोबर वाहून जातो. आधी चर काढून पाणी बाहेर घालवा. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की डवरा (कोळपणीचं अवजार) मारा, मग नत्राचा हप्ता द्या. तोवर आधार म्हणून २ टक्के युरियाची फवारणी करता येते.

हलक्या मुरमाड जमिनीत नेमकं उलटं, तिथं पाण्याचा ताण नडतो. खारवट जमिनीतही प्रथिन घटल्याचं चीनमधल्या प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणून नत्राचा मारा करायचा का? मुळीच नाही. पीक माजतं, कोवळ्या पाल्यावर तुडतुडे, मावा तुटून पडतात आणि रसशोषक किडींवर बीटीचा काहीच परिणाम होत नाही. नत्र हप्त्यांनीच द्या.

आता निदान. अळी फक्त पाणथळ किंवा खारवट पट्ट्यातच दिसत असेल, तर आधी जमीन तपासा. पण शेतभर डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमललेली, मिटल्या गुलाबासारखी फुलं) असतील आणि हिरवी बोंडं फोडल्यावर आत गुलाबी अळी निघत असेल, तर दोष एकट्या जमिनीचा नाही. २००६ साली आलेल्या, दोन प्रथिनांच्या बोलगार्ड-२ या बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी आता दाद देत नाही. ती खत देऊन हटणार नाही. मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, की उपाय सुरू करा. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवू नका. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) वेळेत काढून उन्हाळ्यात खोल नांगरट करा, म्हणजे जमिनीत दडलेले कोष उघडे पडतील.