क्लॅटचं टार्गेट ठरवायचं ते असं

क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, टार्गेट ठरवताना आधी गुण लिहू नका, सीट लिहा. कुठलं विद्यापीठ, कुठल्या प्रवर्गातून, महाराष्ट्राच्या डोमिसाइलमधून की ऑल इंडियातून, एवढं पहिल्यांदा कागदावर आलं पाहिजे. मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करते आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या काही मुलांकडून क्लॅटची तयारी करून घेते. बहुतेक जण पहिल्या दिवशी म्हणतात, "ताई, मला शंभर पाहिजेत." शंभरच का, तर कुणा टॉपरला तेवढे होते म्हणून. पण बंगळुरूच्या सीटसाठी लागणारा रँक आणि डोमिसाइलमधून नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरसाठी लागणारा रँक यांत फार मोठं अंतर असतं. ज्याला संभाजीनगर हवंय त्याने बंगळुरूचा आकडा उराशी धरून वर्षभर झुरायचं कशाला?

प्रवेशफेऱ्यांच्या याद्या कॉन्सॉर्शियम, म्हणजे ही परीक्षा घेणारा विधी विद्यापीठांचा संघ, दरवर्षी जाहीर करतं. त्यातून आपल्या प्रवर्गाचा शेवटचा रँक काढा. पहिल्या-दुसऱ्या फेरीचा धरा. शेवटच्या फेरीपर्यंत यादी पुढे सरकते हे खरं, पण त्या भरवशावर तयारी बेतू नये.

मग त्या रँकला किती गुण होते ते बघायचं, आणि इथे जपून. क्लॅट २०२४ पासून पेपर १२० प्रश्नांचा आहे. २०२० ते २०२३ या काळात तो १५० प्रश्नांचा होता. त्या वर्षांचे पेपर सरावाला उत्तम, पण त्यांतले गुण आजच्या टार्गेटला लावू नका. शिवाय पेपर सोपा-अवघड निघतो, हरकती येतात, प्रश्न रद्द होतात. २०२५ च्या उत्तरसूचीचा वाद तर दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये मिटला. तेव्हा एकच आकडा पक्का न धरता पाच-सहा गुणांचा पट्टा लिहा.

आता आपण कुठे उभे आहोत ते. दुपारी २ ते ४ या वेळात, ओएमआर उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर गोळे भरत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पेपर सोडवा. असे पाच पेपर झाले की गुण चढत्या क्रमाने लिहा आणि मधला आकडा घ्या. सगळ्यात चांगल्या पेपरवरून स्वतःला मोजायचा मोह होतोच, घरचेही तोच आकडा पाहुण्यांना सांगतात. परीक्षेच्या दिवशी मात्र मधल्याच्या आसपास पडण्याची शक्यता जास्त.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि मुलं नेमकं हेच टाळतात. गेलेला प्रत्येक गुण का गेला, ते वहीत लिहायचं. बार्शीहून येणाऱ्या एका मुलीचं पान सांगते. ९० प्रश्न सोडवले, ६८ बरोबर, २२ चूक. चुकीला पाव गुण वजा, म्हणजे ६२.५. त्या २२ पुढे तिने कारणं लिहिली होती: ९ ठिकाणी ‘दोन पर्यायांत अडकले’, ५ ठिकाणी ‘प्रश्न नीट वाचला नाही’, ८ ठिकाणी ‘माहीतच नव्हतं’. पहिल्या दोन कारणांचे मिळून १४ प्रश्न झाले. हे गुण हाताशी असतात. त्यांतले निम्मे सुधारले तरी सात प्रश्न. चुकीचं उत्तर बरोबर झालं की एक गुण मिळतो आणि वजा झालेला पावही वाचतो, म्हणजे प्रत्येकी सव्वा गुण. सात सव्वा पावणेनऊ. बेरीज ७१.२५. पुढच्या दोन महिन्यांसाठी तिचं टार्गेट आम्ही ७० ते ७२ लिहिलं. ते तिच्याच चुकांमधून निघालं होतं, म्हणून तिला पटलं.

तीच दहा प्रश्न जास्त सोडवून बघू म्हणाली असती, आणि घाईत त्यांतले सहा बरोबर आले असते, तर पदरात पाचच गुण पडले असते. वेग वाढवायचाच आहे, पण अचूकतेनंतर. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर मात्र बेधडक उत्तर द्या, तिथे पाव गुणाला घाबरू नका.

‘माहीतच नव्हतं’ या रकान्यातले गुण सावकाश येतात. चालू घडामोडी आणि सामान्यज्ञानाचे २८ ते ३२ प्रश्न असतात, आणि ते महिनोन्महिने रोजचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय हलत नाहीत. जूनपासून वाचणाऱ्याने त्यातून वाढ धरावी, ऑक्टोबरात सुरुवात करणाऱ्याने फार धरू नये. गणिताचे १० ते १४ प्रश्न कला शाखेची मुलं सरळ सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी हे सगळं दहावीपर्यंतचंच आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांचं घोडं बहुधा इंग्रजी उताऱ्यांच्या लांबीशी अडतं. त्यांनी पहिले दोन महिने गुणांऐवजी वाचनाच्या वेगाचं टार्गेट ठेवावं: एक उतारा, घड्याळ लावून, रोज.

टार्गेट वाढवायचं कधी? सलग तीन पेपरांत मधला आकडा ओलांडला की चार-पाच गुणांनी. एका पेपरात उडी बसली म्हणून नाही. एखादा पेपर पार कोसळला म्हणून खालीही आणायचं नाही. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत आकड्याला हातच लावू नका. तेव्हा फक्त कुठल्या विभागाला किती मिनिटं, एवढंच पक्कं करा.

जाता जाता एमएच सीईटीबद्दल, म्हणजे राज्यातल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेबद्दल. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय मनात असेल तर ही परीक्षा द्यावीच लागते. तिथे वजा गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो आणि क्लॅटच्या वहीतला आकडा तिथे चालत नाही. डिसेंबरात क्लॅट झाली की आठवडाभर विश्रांती घ्या आणि जानेवारीत सीईटीचे पाच पेपर सोडवून मधला आकडा नव्याने काढा.