अंड्याची अ‍ॅलर्जी: मुलाची रक्ततपासणी आणि तिचा आकडा

रक्त काढायला जाण्याआधी कागद घ्या. मुलाने अंडं कोणत्या रूपात खाल्लं (अर्धकच्चं, उकडलेलं की केकमधलं), किती खाल्लं आणि किती मिनिटांनी काय झालं, ते लिहा. अंगावर गांधी, ओठ-पापण्यांना सूज, उलटी, खोकला, छातीत घरघर असं काही दोन तासांच्या आत झालं असेल, तर ही तपासणी कामाची. अंडं बिनतक्रार खाणाऱ्या मुलाची ती करूच नका. रक्तात आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित अँटीबॉडी, म्हणजे शरीर बनवतं ते एक प्रथिन; हीच तपासणीत मोजतात) सापडलं तरी त्याला अ‍ॅलर्जी आहे असं होत नाही, आणि उगाच अंडं बंद केल्याने पचत असलेलं अंडंही पुढे बाधू शकतं.

चिठ्ठीवर 'अंड्याचा पांढरा भाग, स्पेसिफिक आयजीई' (म्हणजे फक्त त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई) असं असावं. एकाच वेळी पन्नास पदार्थांचं पॅनेल करू नका, त्यातून खोटे पॉझिटिव्हच जास्त हाती लागतात. आयजीजी या वेगळ्या अँटीबॉडीच्या तपासणीचा अ‍ॅलर्जीच्या निदानाशी संबंध नाही.

उपाशी राहायची गरज नाही. उलट बाळाला पाणी-दूध पाजून न्या, म्हणजे शीर पटकन सापडते. त्वचेवरच्या टोचणी-चाचणीसाठी अँटीहिस्टामिन काही दिवस थांबवावं लागतं, रक्ततपासणीसाठी नाही. बधिर करणारं क्रीम लावायचं असेल तर तासभर आधी. मुलाला मांडीवर घेऊन हात कोपरापाशी स्थिर धरा. एक-दोन मिली रक्त पुरतं.

आता रिपोर्ट. ०.३५ च्या खालचा आकडा (एकक kU/L) सहसा निगेटिव्ह धरतात. मोठ्या मुलांत ७ किंवा त्याहून जास्त, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत २ किंवा जास्त असेल, तर अंडं खाल्ल्यावर त्रास होण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के मानतात. मधल्या आकड्यांवर एकट्या रिपोर्टवरून निर्णय होत नाही. एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज येण्याचा विकार) असलेल्या मुलात एकूण आयजीईच बऱ्याचदा वाढलेलं असतं, त्यामुळे १.२ सारखा आकडा काहीही त्रास नसतानाही दिसू शकतो. इथेच सर्वात जास्त गफलत होते: आकडा त्रास होण्याची शक्यता सांगतो, त्रास किती जोराचा होईल ते नाही. ३ आकडा असलेल्या मुलालाही गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते.

डॉक्टर कधी अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या ओव्होम्युकॉइड या प्रथिनाविरुद्धच्या आयजीईची वेगळी तपासणीही सांगतात. हे प्रथिन उष्णतेने फारसं मोडत नाही. त्याविरुद्धचं आयजीई कमी असेल तर भाजलेल्या केकमधलं अंडं सोसण्याची आशा जास्त. तरीही ती खात्री नव्हे, घरी खाऊ घालून पाहू नका. शंका उरलीच, तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडं-थोडं अंडं खाऊ घालून निर्णय होतो.

खाल्ल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन मूल मलूल पडत असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हा आयजीईविना होणारा प्रकार असू शकतो आणि तो या तपासणीत दिसतच नाही.

बऱ्याच मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, म्हणून साधारण वर्षाने पुन्हा तपासा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडेही बदलतात आणि घट खरी की यंत्राची, ते कळत नाही.