गाडी सर्व्हिसिंगला टाकायची कशी

माझं काम गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं. अकोले तालुक्यात राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा या भागात रोजचा फेरा असतो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर वीर्याच्या कांड्या गार ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा कंटेनर उभा बांधलेला, बाजूला साहित्याची पिशवी. सकाळी फोन येतो, "डॉक्टर, गाय माजावर आलीय." आमचा हिशेब ठरलेला आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की पुढचा माज साधारण 21 दिवसांनी, आणि तेवढे दिवस त्या घरचं दूध लांबणीवर पडतं. त्यामुळे माझी गाडी रस्त्यात बंद पडली तर नुकसान माझ्या एकट्याचं होत नाही.

गेल्या 11 वर्षांत दोन गाड्या झाल्या. पहिली कार्ब्युरेटरची 100 सीसी, आणि 2021 पासूनची 125 सीसी, फ्युएल इंजेक्शनची. दोन्ही मिळून दोन लाख किलोमीटरच्या वर रनिंग. एवढ्या काळात शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला आणि गावच्या फिटरकडे किती वेळा उभा राहिलो याची गणती नाही. त्यातून जे शिकलो ते सगळं एका गोष्टीपाशी येतं: शोरूमला गाडीचा त्रास सांगा, दुरुस्ती सांगू नका, आणि जे सांगाल ते जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना ते भरतात त्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या.

हे मला महागात पडून कळलं. पहिल्या गाडीतून कट्-कट् आवाज यायला लागला होता. मी काउंटरवर जाऊन म्हणालो, "इंजिनमधून आवाज येतोय." त्यांनी जॉबकार्डवर तेच लिहिलं, 'इंजिन नॉइज', आणि दुपारी फोन आला की बोअर-पिस्टन करावं लागेल, टायमिंग चेनही बदलू. आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. कोतूळच्या फिटरने एकच प्रश्न विचारला, "आवाज उभ्या गाडीला येतो का?" नव्हता येत. ॲक्सिलेटर सोडला की यायचा, परत दिला की यायचा. त्याने मागचं चाक हाताने मागे-पुढे हलवलं आणि आवाज तिथेच ऐकवला. मागच्या चाकाच्या ड्रममधले रबर झिजून स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, खेळत होतं. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. शोरूमची चूक होतीच, त्यांनी गाडी चालवून बघायला हवी होती. पण 'इंजिन' हा शब्द माझ्या तोंडचा होता.

तेव्हापासून गाडी टाकायच्या आदल्या दिवशी मी वहीत लिहून काढतो. आवाज किंवा त्रास गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीला येतो की चालताना? कितव्या गिअरला, किती स्पीडला? ॲक्सिलेटर देताना की सोडताना? क्लच दाबला की थांबतो का? ओझं असताना वाढतो का? एवढं लिहिलं की तक्रार अशी तयार होते: "चौथ्या गिअरला चढावर ॲक्सिलेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही." हे वाचून कोणताही जाणता मेकॅनिक आधी क्लच बघणार. तेच "पिकअप नाही" एवढंच सांगितलं तर एअर फिल्टरपासून इंजेक्टर साफ करण्यापर्यंत सगळं बिलात येऊ शकतं. आवाज कधीतरीच येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. इंजिनचा पिवळा लाइट लागला तर त्याचा व्हिडिओ काढा. बऱ्याच गाड्यांना तो लाइट ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या मोजणीवरून बिघाड कुठला ते कळतं. शोरूमला पोचेपर्यंत लाइट विझला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

आदल्या संध्याकाळी घरी अर्धा तास गाडीपाशी बसा. पहिलं काम चेन. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलला. चेनकव्हर बंद असेल तर खालचं रबरी बूच काढून बोट आत घाला आणि खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली करून बघा. माझ्या गाडीला 20 ते 30 मिलिमीटर ढिल दिलेली आहे, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एकाच ठिकाणी बघून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती लागली तर चेन सारखी ताणलेली नाही, ती आवळून भागणार नाही. कव्हर उघडं असेल तर मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त दिसायला लागला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून सेट बदलायची वेळ आली. एकटी चेन बदलून पैसे वाचत नाहीत, झिजलेले दात नव्या चेनला खातात.

माझ्यासारखं मागे ओझं नेणाऱ्यांनी, मग ते दुधाचे कॅन असोत की गॅस सिलिंडर, एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगायची: चेन घट्ट आवळू नका. ओझ्याने मागची बाजू खाली बसली की चेन आणखी ताणते, आणि तो सगळा ताण बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. सर्व्हिसिंगनंतर चेन तारेसारखी ताठ करून देतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं काम पक्कं झालं.

दुसरं, बॅटरी. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी मेली तर किक असूनही गाडी हमखास चालू होईल असं नाही, कारण पेट्रोलच्या पंपाला आणि कंट्रोलरला करंट लागतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो, तो रोज ऐकायची सवय लावा. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीला 12.5 व्होल्टच्या आसपास आणि गाडी चालू करून रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 दिसलं तर ठीक. चालू गाडीला आकडा वाढतच नसेल तर नवी बॅटरी घालून काही उपयोग नाही, चार्जिंगमध्ये दोष आहे. हे दोन आकडे वहीत असले की "बॅटरी बदलावी लागेल" या वाक्याला तुमच्याकडे उत्तर असतं.

ब्रेक, टायर, केबल हे डोळ्यांनी कळतं, त्यावर फार लिहीत नाही. टायरवर बाजूला चार आकडी छाप असतो, 2324 असेल तर 2024 सालातला 23वा आठवडा. नवा टायर घेताना एवढं वाचून घ्या.

आता काउंटर. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी शटर उघडताना जा. शनिवार-रविवारी पन्नास गाड्या लागलेल्या असतात आणि तुमच्या गाडीला जेमतेम ऑइल आणि वॉशिंग मिळतं. सर्व्हिस ॲडव्हायझरला वहीतलं वाचून दाखवा आणि जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत उतरवायला लावा. किलोमीटर, पेट्रोल किती, आधीचे ओरखडे, अंदाजे खर्च, हे भरल्याशिवाय सही करू नका. मी त्याखाली दोन ओळी हमखास लिहायला सांगतो: 'अंदाजापलीकडे काम निघाल्यास फोन करूनच करणे' आणि 'काढलेले जुने पार्ट परत देणे'. मग जॉबकार्डचा आणि मीटरचा फोटो काढतो. "सर, आमच्यावर विश्वास नाही का?" असं एकदा एका पोराने विचारलं. मी त्याला सांगितलं, मीही गाय भरवली की शेतकऱ्याला वळूचा नंबर, तारीख लिहून देतो, कारण उद्या गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर दोघांनाही काय झालं ते बघता यावं. त्याला ते पटलं.

फ्री सर्व्हिसिंग म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर, ग्रीस यांचे पैसे लागतात, ते रास्तच आहेत. पण 'ऑइल ॲडिटिव्ह', 'अँटी-रस्ट कोटिंग', 'टेफ्लॉन' अशा ओळी आधी विचारून काढून टाकता येतात. ज्या कामाचं नाव मॅन्युअलच्या सर्व्हिस तक्त्यात नाही, ते का करायचं ते विचारा. फ्री सर्व्हिसिंगच्या कूपनवर किलोमीटर आणि दिवस दोन्ही दिलेले असतात आणि जे आधी भरेल ते धरतात. माझ्या ओळखीत दोघांची कूपनं गाडी कमी चालल्यामुळे दिवसांवर बाद झाली.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, आणि डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं असावं. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

गाडी परत घेताना घाई करू नका, माझा मोठा फटका इथेच बसला. 2022 च्या पावसाळ्यात सर्व्हिसिंग करून आणली. बारा-तेरा दिवसांनी एका वाडीवरच्या गाईला निघालो तर बुटावर ऑइल. खाली वाकून पाहिलं, इंजिनखालच्या ड्रेन बोल्टच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टच्या, कडेने थेंब थेंब गळत होतं आणि बोल्ट पान्याने आवळला तरी नुसता फिरत होता. इंजिनचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. बोल्ट जोर लावून आवळला की आतले आटे जातात, लगेच नाही तर हादऱ्यांनी हळूहळू. मी गाडी ढकलत आणली. गाय राहिली. गाईची मालकीण, ती माउली मला एक शब्द वाकडा बोलली नाही. 21 दिवसांनी मी न बोलावता गेलो.

शोरूमचं म्हणणं, "बाहेर ऑइल बदललं असेल." माझ्याकडे सर्व्हिसिंगच्या दिवशीचा मीटरचा फोटो होता, गळतीच्या दिवशीचाही होता, मधलं रनिंग नऊशे किलोमीटर. एवढ्यात कोण ऑइल बदलतो? तोंडी वाद न घालता जॉबकार्ड नंबर, दोन्ही फोटो आणि तारीख घालून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला, शोरूमलाही प्रत दिली. चौथ्या दिवशी बोलावणं आलं. नवे आटे पाडून, बोल्ट आणि ऑइल घालून दिलं, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मी गाडी ताब्यात घेताना ड्रेन बोल्टभोवती कोरडं फडकं फिरवतो. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करतो, थोडं थांबून, गाडी सरळ उभी करून डिपस्टिक बघतो. माझ्या गाडीला ती पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर पातळी चुकीची दिसते. मग चेन, मागच्या एक्सलचा नट, ब्रेक लाइट, क्लचचा फ्री प्ले (दांडीची मोकळी ढिल), आणि एक किलोमीटरची चक्कर. नव्याने गळणारं, वाजणारं, ओढणारं काही असेल तर तिथेच, बिल भरण्याआधी सांगायचं.

वॉरंटीत वापराने झिजणारी किंवा संपणारी वस्तू बसत नाही: ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, फिल्टर, बल्ब. बॅटरी आणि टायरची वॉरंटी साधारणपणे त्यांच्या कंपनीची असते. वॉरंटीतलं काम नाकारलं तर 'का नाकारलं' ते लेखी मागा. एवढ्यानेच बऱ्याचदा भाषा बदलते. तरी नाही ऐकलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. दोन वर्षांच्या आत करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही, कागद मात्र लागतात.

वॉरंटी संपल्यावर मी ऑइल, चेन, ब्रेक, ड्रम रबर, कोन सेट (हँडलच्या बेअरिंग) ही कामं कोतूळला करतो. तिथे स्टुलावर बसून बघता येतं आणि ज्याने नट आवळला त्याचं तोंड ओळखीचं असतं. पार्ट मी स्वतः कंपनीच्या काउंटरवरून बिलासह आणतो. लाइट लागला, सेन्सर किंवा पंपाचं काही वाटलं तर मात्र स्कॅनर असेल तिथेच जातो. एकाने माझ्या मित्राच्या गाडीची वायरिंग अंदाजाने कापून जोडली होती, ती निस्तरायला तीन महिने गेले.

आणि पावसाळ्याची सर्व्हिसिंग मे महिन्यात उरका: कोन सेटचं ग्रीस, चाकांच्या बेअरिंग, मागच्या ड्रमचा कॅम, प्लगची रबरी टोपी, केबलमध्ये ऑइल. जूनचा पहिला पाऊस पडला की फिटरच्या दारात रांग लागते आणि आमच्याकडे घाटघरपासून रस्ते चिखलाचे होतात. माझा नंबर 20 मेच्या आसपास ठरलेला असतो, दोन आठवडे आधी फोन करून.